अंजनीने पुसलेल्या वीस ओळी

अंजनी शेलार घाबरट आहे हे माहेरच्या सोनिवलीपासून आता राहते त्या कात्रपपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचीही त्याला ना नाही. बँकेचा मेसेज आला की ती आधी घाबरते आणि मग वाचते. वॉचमनने इंटरकॉम वाजवला तरी ती दुसऱ्या घंटेपर्यंत उचलत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का, असं तिचा नवरा समीर अधूनमधून विचारतो. शोभत नाही, हे तिलाही कळतं, पण शोभत नाही म्हणून भीती थोडीच जाते?

त्या सोमवारी मात्र खरोखर घाबरावं असं काहीतरी आलं, आणि ते चार पानी फॉर्म होऊन आलं.

अंजनी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत काम करते. तिथे पावडर भरायची मशिनं बनतात. मसाला असो, साबणाचा चुरा असो, औषधाची भुकटी असो. पिशवी खाली लावायची, पडद्यावर वजन टाकायचं, बाकी मशिन बघून घेतं. त्या मशिनच्या आत चालणारा प्रोग्रॅम अंजनीने लिहिलेला. आजवर एकेचाळीस गिऱ्हाइकांकडे एकेक मशिन गेलं आणि प्रत्येकात तोच. कंपनीचे मालक कमलेश सेठ उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहतात. गिऱ्हाईक आलं की ते आधी चहा मागवतात आणि मग अंजनीला बोलावतात. ‘‘ये हमारी मॅडम. पूरा प्रोग्रॅम इन्होंने खुद लिहिलाय, बाहेरचं एक अक्षर नाही,’’ असं ते सांगतात, आणि अंजनी खाली मान घालून हसते.

आता एका औषध कंपनीला सहा मशिनं हवी होती. त्यांचा माल परदेशी जायचा, म्हणून त्यांचे नियम कडक. त्यांनी फॉर्म पाठवला: मशिनच्या आत जे जे सॉफ्टवेअर आहे त्याचा प्रत्येक तुकडा लिहा. तुकड्याचं नाव, मूळ लेखकाचं नाव, कोणत्या परवान्यावर घेतला, काय बदल केला. शुक्रवारपर्यंत भरून, मालकाच्या सहीनिशी परत. सेठनी तो न वाचताच तिच्या टेबलावर ठेवला. आपलंच आहे सगळं, पाच मिनिटांचं काम, असं म्हणून ते पेंटच्या माणसाशी बोलायला निघूनही गेले.

अंजनी दुसऱ्या रकान्यावर अडकली. मूळ लेखकाचं नाव.

आता हे नीट कळायचं तर थोडं मागे जावं लागेल. सोनिवलीत अंजनीच्या घरची भातशेती. आई बनूबाई निरक्षर, पण मुलीने शिकावं यावर अडून बसलेली. अंजनीने उल्हासनगरच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. गावातली अशी ती पहिलीच मुलगी. पण नोकरी मिळाली ती कमलेश सेठच्या वडिलांच्या हाताखाली, जोडणी विभागात, आणि पहिलं काम होतं पाट्या काढण्याचं.

पाट्या काढणं ही त्या कारखान्याची रीतच होती. मोटर कोइंबतूरची असो, गिअरबॉक्स राजकोटचा असो, आत आल्यावर त्याची मूळ नावाची पाटी काढायची, थिनरने जागा पुसायची, वर हिरवा रंग मारायचा आणि मशिनच्या दर्शनी बाजूला कंपनीची एकच पाटी ठोकायची. यात फसवाफसवी नव्हती. बिलावर मोटर कोणाची ते लिहिलेलं असायचंच. म्हातारे सेठ म्हणायचे, नवरीच्या अंगावर सोनाराचं लेबल राहून चालतं का? तीन वर्षं अंजनीने हेच केलं. थिनरने तिची नखं पांढरी पडली होती.

पुढे कॉम्प्युटरवर चालणारं मशिन करायचं ठरलं, आणि ते शिकायला तयार असलेली कारखान्यात एकटी अंजनीच निघाली. पुस्तकं आणून, इंटरनेटवर वाचून, चुकत, रडत तिने दोन वर्षांत प्रोग्रॅम उभा केला. सगळा काही शून्यातून नाही. वजनाचा आकडा काट्यावर नाचत राहायचा, तो स्थिर करणारा एक तुकडा तिला इंटरनेटवर मिळाला. पडद्यावर आकडे आणि आलेख काढणारा दुसरा तुकडा दुसरीकडे मिळाला. दोन्ही फुकट, दोन्ही सगळ्यांसाठी खुले. अशा प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर वीसेक ओळी असतात: हे कोणी लिहिलं, कोणत्या साली, कोणत्या अटीवर देतो आहे. मशिन त्या ओळी वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. अंजनीने त्या वाचल्या नाहीत. आलेला माल पुसून घ्यायचा, एवढंच तिच्या हाताला माहीत होतं. तिने त्या वीस ओळी खोडल्या आणि वर कंपनीचं नाव टाकलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि नऊ वर्षांत कोणी विचारलंही नाही.

सोमवारी दुपारभर तिने जुन्या डिस्क शोधल्या. पुसण्याआधीच्या फाइली एका डिस्कमध्ये सापडल्या, तेव्हा तिने त्या वीस ओळी पहिल्यांदा वाचल्या. तिला वाटलं होतं, कोणीतरी साहेब असेल, जर्मनीचा नाहीतर अमेरिकेचा. वजन स्थिर करणाऱ्या तुकड्यावर लिहिलं होतं: दिनानाथ केळुसकर, देवरुख. इतकं नेटकं काम आपल्याकडच्या माणसाचं असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. खाली परवान्याचं नाव होतं, जीपीएल, आणि पुढे ‘आवृत्ती दुसरी, फक्त दुसरी’. दुसऱ्या तुकड्यावर लेखक म्हणून एक मोठा गट होता आणि परवाना होता अपाची.

या दोन नावांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, म्हणून ती आणखी घाबरली. तिने विनीतला फोन केला. विनीत पूर्वी याच कारखान्यात होता. आता ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शिरगावात राहतो. त्याने समजावून सांगितलं. अपाचीसारखे परवाने मोकळे. घ्या, विका, मजकूर कोणाला दाखवू नका, फक्त नाव आणि परवान्याची प्रत ठेवा. जीपीएल तसा नाही. तोही फुकटच, पण त्याचा तुकडा ज्या प्रोग्रॅममध्ये मिसळला तो प्रोग्रॅम लोकांना दिला, की त्या सगळ्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, गिऱ्हाइकाला मागितल्यावर द्यावा लागतो, आणि तोही त्याच अटीवर.

अंजनीला हे विरजणासारखं वाटलं. एक शेजारीण चमचाभर विरजण देते आणि म्हणते, दह्याचं काय वाट्टेल ते कर. दुसरी देते आणि म्हणते, तुझ्या दह्यातलं विरजण कोणी मागायला आलं तर नाही म्हणू नकोस. आणि चमचाभर पडलं तरी दही सगळ्या पातेल्याचं होतं. मग त्यातलं आपलं दूध कोणतं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणजे एकेचाळीस मशिनं तिने अट मोडून विकली होती.

तिने विचारलं, मग आता सगळा प्रोग्रॅम उघडा करून टाकला तर? विनीतने सांगितलं की तेही जमणार नाही. साधा मोकळा परवाना जीपीएलच्या पोटात सहसा खपतो. उलटं खपत नाही. पण अपाचीत पेटंटबद्दल एक कलम आहे, आणि जीपीएलची दुसरी आवृत्ती वरून एकही जादा अट चालवून घेत नाही. तिसऱ्या आवृत्तीशी अपाचीचं जमतं. पण या केळुसकरांनी ‘फक्त दुसरी’ असं लिहून ठेवलंय. म्हणजे दोन्ही परवाने चांगले, दोन्ही देणारे उदार, पण या दोघांना एका पातेल्यात घालायची कोणालाच परवानगी नाही. दोघांपैकी एकाला काढावं लागेल, नाहीतर केळुसकरांकडून वेगळी परवानगी आणावी लागेल.

‘‘पण ताई, ऐक,’’ तो म्हणाला, ‘‘कोण तपासणार आहे? सगळीकडे ‘स्वतः’ लिही आणि विषय संपव. आमच्याकडे पण असंच असायचं आधी.’’

समीरचंही मत तेच पडलं. मंगळवारी संध्याकाळी कात्रपच्या भाजी बाजारात भेंडी निवडता निवडता तो म्हणाला, की नऊ वर्षांत आभाळ कोसळलं नाही ते आता काय कोसळणार. अंजनीला ते पटलंही. बुधवारी सकाळी तिने सगळ्या ओळींत ‘स्वतः’ लिहिलं. अक्षर छान आलं. मग शेवटचं पान उलटलं, तर तिथे छापलेलं: वरील माहिती खरी असल्याची मी वैयक्तिक हमी देतो. खाली जागा सेठच्या सहीची.

सेठ तिने दिलेला कागद कधी वाचत नसत. पेन काढायचे, कुठे म्हणून विचारायचे आणि करायचे. खोटं ती लिहिणार आणि सापडला तर माणूस सापडणार तो, ज्याच्या बापाने तिला पहिली नोकरी दिली. पण खरं सांगितलं तर? औषध कंपनी पळणार. सेठनी गिऱ्हाइकांसमोर तिचं केलेलं कौतुक त्यांच्यावरच उलटणार. ते काढून टाकतील, आणि या वयात, नुसत्या डिप्लोम्यावर, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणारी बाई कोण ठेवेल? सोनिवलीत बनूबाई अजून सांगते की माझ्या पोरीने मशिनला अक्कल दिली. तिला काय सांगायचं? अंजनीने फॉर्म ड्रॉवरमध्ये घातला आणि कुलूप लावलं. मग कुलूप का लावलं असं कोणी विचारेल म्हणून ते परत काढलं.

त्याच दुपारी तिने फॉर्मची नवी कोरी प्रिंट काढली आणि शेवटचा उपाय म्हणून वीस ओळींतल्या ईमेलवर केळुसकरांना पत्र लिहिलं. आम्ही तुमचा तुकडा वापरतो, आमच्या प्रोग्रॅमचा मजकूर उघडा न करता तो वापरायची वेगळी परवानगी मिळेल का, अशी विनंती केली. नाव पुसल्याचं लिहिलं नाही. तेवढं धाडस कुठून आणणार?

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. ते वैदेही केळुसकर यांचं होतं. दिनानाथ त्यांचे यजमान, तंत्रनिकेतनात शिकवायचे, चार वर्षांपूर्वी वारले. बाईंनी लिहिलं होतं: ‘परवान्यातलं मला काही कळत नाही. त्यांनी जी अट घातली ती मी बदलणार नाही. आपल्याला मिळालं ते पुढच्यालाही मिळावं, असं ते म्हणायचे, एवढंच मला आठवतं. त्यांचं काम कुठे चालतं का, हे आम्हाला कोणी कधी कळवलं नव्हतं. तुमचं पत्र मी मुलीला दोनदा वाचून दाखवलं. त्यांचं नाव तुमच्या मशिनवर कुठे दिसतं? तेवढा एक फोटो पाठवाल का?’

अंजनी पत्र वाचत बसली. खाली शेडमध्ये तिची मशिनं उभी होती, हिरवीगार, दर्शनी बाजूला एकच पाटी. फोटो कशाचा काढायचा? पोलीस येतील, नोटीस येईल, नोकरी जाईल, अशा सगळ्या भीत्या तिने चार दिवसांत भोगून घेतल्या होत्या. ही वेगळी होती. यात कोणी रागावलेलंच नव्हतं. शरमेने तिला भडभडून आलं, आणि रडताना कोणी पाहील म्हणून ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

परत येऊन तिने उत्तर लिहिलं. नाव कुठेही दिसत नाही. ते होतं, मी पुसलं. का पुसलं हेही लिहिलं, पाट्यांचं, थिनरचं, सगळं. आणि ते वाचताना फार फुसकं वाटलं तरी तसंच पाठवलं. दिवसभर ती दर पाच मिनिटांनी ईमेल उघडत होती. वैदेहीबाईंचं उत्तर आलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजता ती फॉर्म घेऊन सेठच्या केबिनमध्ये गेली. बस म्हणाले तरी बसली नाही. बसली असती तर उठता आलं नसतं. सेठनी पेन काढलं आणि कुठे म्हणून विचारलं. अंजनीने कागद त्यांच्यासमोर ठेवायच्याऐवजी छातीशी धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. अपाचीचा तुकडा काढून पडद्याचं काम आपण स्वतः लिहू, तीन आठवडे लागतील. केळुसकरांचा राहील, पण मग सगळा प्रोग्रॅम त्याच अटीवर द्यावा लागेल, आणि आधीच्या एकेचाळीस जणांनाही तो मागायचा हक्क आहे हे कळवावं लागेल.

सेठनी आणखी कोणाला माहीत आहे ते विचारलं. विनीत, समीर आणि देवरुखच्या बाई, असं तिने सांगितलं.

‘‘बाईला पण सांगून टाकलं?’’

‘‘हो, सेठ. काल.’’

त्यांनी पेन टेबलावर आपटलं नाही, नुसतं ठेवलं. आणि अंजनीला त्याचीच जास्त भीती वाटली. ऑर्डर गेली तर खाली बावीस माणसं आहेत, त्यांना कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. प्रोग्रॅम लोकांना वाटला तर उद्या कोणीही आपलं मशिन बनवेल, असंही ते म्हणाले. लोखंड, मोटर आणि दुरुस्तीला धावत जाणं आपलंच राहील, असं ती पुटपुटली; त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी हात पुढे करून फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिचा कागद त्यांना आज तपासून बघावा लागत होता, आणि ते बघत उभं राहणं तिला फार जड गेलं.

‘‘आकडा स्थिर करतो तो केळुसकरचा. पडदा त्या दुसऱ्या लोकांचा,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘मग अंजनी, इसमें तेरा क्या है?’’

हाच प्रश्न. चार दिवस ती पोलिसांना घाबरत होती, नोटिशीला घाबरत होती, पण मुळात घाबरत होती ती याला. उत्तर मात्र होतं, आणि ते तिने बाहेर काढलं.

‘‘झाकण बंद केलं तरी पावडर हवेत असते, सेठ. ती पडतच राहते आणि पिशवी जास्त भरते. म्हणून वजन पूर्ण व्हायच्या थोडं आधी थांबावं लागतं. किती आधी, ते मिठाचं वेगळं, हळदीचं वेगळं, पावसाळ्यात वेगळं. मी आठ महिने मशिनपाशी उभी राहून ते शोधलं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते माझं आहे.’’

सेठनी फॉर्म पुन्हा पाहिला. पहिल्या ओळीत दिनानाथ केळुसकर होते. दुसऱ्या ओळीत तो मोठा गट, पुढे ‘काढून टाकत आहोत’. तिसऱ्या ओळीत लेखकाच्या रकान्यात तिने कंपनीचं नाव लिहिलं होतं, नेहमीच्या सवयीने. सेठनी ते खोडलं आणि पेन तिच्याकडे दिलं.

‘‘नाव टाक. सगळ्यांचं टाकलंस ना.’’

तिने लिहिलं. आडनाव चौकटीबाहेर गेलं. नऊ वर्षांत त्या प्रोग्रॅमवर तिचं नाव पहिल्यांदाच येत होतं. केळुसकरांच्या जोडीने तिने स्वतःलाही पुसलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. सेठनी खाली सही केली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

‘‘आता त्या एकेचाळीस लोकांना फोन तूच कर,’’ ते म्हणाले. ‘‘मी नाही करणार. आज सुरू कर.’’

औषध कंपनी काय म्हणेल ते सोमवारी कळणार होतं. नोकरी राहिली की नाही हे सेठनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. अंजनीने जागेवर येऊन गिऱ्हाइकांची यादी उघडली. पहिलं नाव उल्हासनगरच्या एका मसालेवाल्याचं होतं. नंबर लावताना ती दोनदा चुकली. पलीकडे घंटा वाजत राहिली आणि त्याने उचलूच नये असं तिला मनापासून वाटत होतं. त्याने उचलला.

‘‘मी अंजनी शेलार बोलतेय,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या मशिनचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. पण सगळा नाही.’’